मराठ्यांच्या मॉडमध्ये सतार वाजवावी का? ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेमच्या संगीताविषयी सविस्तर उत्तर

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या गेमसाठी मराठा सत्तेचा संगीत-मॉड (मॉड म्हणजे खेळाडूंनी स्वतः तयार करून गेममध्ये घातलेली भर) करायला घेतलेल्या एका खेळाडूचा प्रश्न असा आहे: सतार आणि तबल्यावर बांधलेले तीन तुकडे तयार आहेत, पण एका मित्राच्या मते हे संगीत त्या काळाचे नाही. मग अशा गेममधील संगीत खरोखर ऐतिहासिक असते का, तासन्‌तास वाजूनही ते डोके का उठवत नाही आणि मराठ्यांसाठी नेमके काय वाजवावे? गेमसाठी संगीत आणि ध्वनी करण्याचे काम मी बरीच वर्षे करत असल्यामुळे या तिन्ही बाजूंविषयी जे ठाऊक आहे ते येथे मांडतो.

मित्राचे म्हणणे तपशिलात बरोबर आहे. आज आपण ओळखतो ती सतार आणि तो तबला हे दोन्ही अठराव्या शतकात, मुख्यतः दिल्लीच्या आसपास, आकाराला आले. सतार अमीर खुस्रोने शोधली ही कथा सर्वत्र सांगितली जाते, पण त्याच्या स्वतःच्या लेखनात तिला आधार मिळत नाही. आपला गेम १४४४ मध्ये सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. म्हणजे त्यातील बहुतांश काळात दख्खनमध्ये सतार नव्हती आणि हार्मोनियम तर मुळीच नव्हती, कारण ती एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. परंतु एवढ्यावरून आपले तुकडे टाकून द्यावेत असे मात्र मला वाटत नाही. या प्रकारच्या गेममध्ये संगीताचे पहिले काम त्या काळाची हुबेहूब नक्कल करण्याचे नसून काळ पुढे सरकतो आहे हे खेळाडूला ऐकू आणून देण्याचे असते. आपल्या तुकड्यांत मला दिसणारी अडचण वेगळी आहे: तीनही तुकडे एकाच काळाचे आहेत.

ऐतिहासिक अचूकतेचा प्रश्न आधी मार्गी लावू. रोमन सैन्यात ट्युबा आणि कॉर्नू ही धातूची फुंकवाद्ये होती हे शिल्पांवरून दिसते, पण त्यांवर कोणते स्वर वाजत याची नोंद उरलेली नाही. तरीही २००४ च्या ‘रोम: टोटल वॉर’साठी जेफ व्हॅन डाइक यांनी केलेले संगीत ऐकताना ते रोमचे आहे याविषयी कोणाला शंका येत नाही. याचे कारण एवढेच, की चित्रपटांनी आपल्या कानांना ‘प्राचीन’ या नावाचा एक ठरावीक आवाज शिकवून ठेवला आहे. त्यात शब्दांविना लांबवलेला स्त्रीस्वर असतो आणि बरेचदा दुदुक असते. दुदुक हे जर्दाळूच्या लाकडाचे आर्मेनियन वाद्य, पण इजिप्तपासून पर्शियापर्यंत कुठल्याही वाळवंटावर ते बेधडक वाजवले जाते. उलट जिथे खरा पुरावा हाती आहे तिथे संगीतकार तो आनंदाने वापरतात. ‘सिव्हिलायझेशन ६’ या स्ट्रॅटेजी गेममध्ये ग्रीकांची धून सेकिलोसच्या समाधिलेखावरून घेतली आहे. आजच्या तुर्कस्तानात सापडलेल्या आणि सध्या कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या त्या दगडी स्तंभावर स्वरांच्या खुणांसह एक छोटे गीत कोरलेले आहे आणि संपूर्ण अवस्थेत मिळालेली जगातील सर्वांत जुनी संगीतरचना म्हणून ते ओळखले जाते. असे नशीब फार थोड्या संस्कृतींच्या वाट्याला येते.

आता काळ ऐकू आणण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या मॉडचा खरा प्रश्न तिथेच आहे.

२००५ च्या ‘सिव्हिलायझेशन ४’ मधील सर्वांत गाजलेला तुकडा म्हणजे ख्रिस्तोफर टिन यांचे ‘बाबा येतू’. ख्रिस्ती धर्मातील प्रभूच्या प्रार्थनेचा स्वाहिली पाठ घेऊन ते रचले आहे आणि २०११ मध्ये ग्रॅमी मिळालेले ते गेमसाठी लिहिलेले पहिले संगीत ठरले. पण ते वाजते मेनूच्या पडद्यावर. प्रत्यक्ष खेळात मध्ययुग आले की चर्चमधील समूहगान, पुढे बाख, नंतर एकोणिसाव्या शतकातील सिम्फनी आणि आधुनिक काळात पोहोचल्यावर अमेरिकी संगीतकार जॉन ॲडम्स यांच्या रचना अशी क्रमवारी लागते. युग बदलल्याचे पाटीवर वाचण्याआधी कानाला कळते, आणि ॲडम्सच्या त्या पुन्हापुन्हा धडकणाऱ्या लयीत कारखाने, रेल्वे आणि घाई असे सगळे एकदम अंगावर येते. काळ दाखवण्याची ही रीत मला आजही अत्यंत परिणामकारक वाटते. तिच्यात दोष एकच आहे, पण तो मोठा आहे: आपण माली खेळा, भारत खेळा किंवा इंका, मध्ययुगापासून सगळ्यांचे घड्याळ युरोपच्या वेळेवर चालते.

‘सिव्हिलायझेशन ६’ ने (२०१६) यावर वेगळा उपाय केला. तिथे प्रत्येक संस्कृतीची एक मूळ धून आहे आणि तीच धून चार टप्प्यांत, म्हणजे प्राचीन, मध्ययुगीन, औद्योगिक आणि अणुयुगात, अधिकाधिक भरत जाते. आरंभी एखाद-दुसरे वाद्य आणि थोडा ताल असतो. शेवटी तीच चाल पूर्ण वाद्यवृंद अंगावर घेऊन येते. भारतासाठी निवडलेली धून आहे ‘वैष्णव जन तो’. नरसी मेहतांचे हे पद पंधराव्या शतकातले, तर गेम सुरू होतो इसवी सनपूर्व ४००० मध्ये, तेव्हा तारखांचा हिशेब करणाऱ्याने येथे डोक्याला हात लावावा. त्याहून गंमत अशी, की २०१८ मध्ये चंद्रगुप्त मौर्य भारताचा दुसरा नेता म्हणून आला, पण धून संस्कृतीला जोडलेली असल्यामुळे प्रदेशविस्तारासाठी शेजाऱ्यांवर चालून जातानाही त्याच्या मागे ‘पीड पराई जाणे रे’ चीच चाल सुरू राहते. एवढे असूनही मी ही योजना चौथ्या भागातील योजनेपेक्षा सरस मानतो. खेळाडूला आपल्या संस्कृतीची चाल दहा तासांत मोठी होताना ऐकू येते, आणि तसे होण्यासाठी त्या चालीला युरोपीय व्हावे लागत नाही, निदान चालीच्या पातळीवर तरी नाही. वाद्यवृंद अखेरीस पाश्चात्त्यच राहतो ही तक्रार उरते, आणि ती रास्त आहे.

तासन्‌तास ऐकूनही कंटाळा न येण्यामागे जादू काही नाही, थोडी कारागिरी आहे. चित्रपटाचे संगीत प्रसंग पाहून लिहितात. येथे प्रसंग किती वेळ चालेल हेच माहीत नसते, कारण एक खेळाडू आपली खेळी पाच सेकंदांत संपवतो आणि दुसरा जकातीचे आकडे न्याहाळत दहा मिनिटे काढतो. म्हणून नकाशावरच्या तुकड्यात चटकन ओठांवर बसणारी चाल टाळतात, किंवा ती एकदाच सांगून सोडून देतात; दोन तुकड्यांमध्ये मुद्दाम शांतता ठेवतात; आणि मानवी आवाज असलाच तर खेळाडूला कळणार नाही अशा भाषेत किंवा नुसत्या स्वरांत ठेवतात. शेवटचा मुद्दा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. समजणारे शब्द कानावर पडले की डोळ्यांसमोरचा मजकूर वाचणे जड जाते, आणि हा गेम म्हणजे जवळजवळ निम्मे वाचनच आहे. तेव्हा पोवाडा केलात आणि तो कितीही चांगला रंगला तरी तो नकाशावर वाजवू नका. मराठी खेळाडू तिसऱ्यांदा ऐकताना आवाज बंद करेल. त्याची जागा मेनूवर किंवा लोडिंगच्या पडद्यावर आहे, जिथे ऐकण्याखेरीज दुसरे काम नसते.

लढाईचे संगीत चालू-बंद होण्याचा प्रश्न लढाया डोळ्यांसमोर सलग (रिअल-टाइम) चालतात अशा गेममध्ये अधिक येतो, तरी थोडक्यात सांगतो. शत्रू दिसला की युद्धसंगीत आणि दिसेनासा झाला की शांत संगीत, असा सरळ नियम लिहिला तर टेहळणीला गेलेल्या एका स्वारामुळे मिनिटात चार वेळा नगारे वाजू लागतात. म्हणून चालू होण्याचा उंबरठा वरचा आणि बंद होण्याचा खालचा ठेवतात. उदाहरणार्थ, दहा सैनिक भिडल्यावर सुरू करायचे, पण तीन उरेपर्यंत थांबवायचे नाही. शिवाय एकदा सुरू झालेले संगीत ठरावीक वेळ चाललेच पाहिजे अशी अट घालतात आणि बदल तालाच्या समेवर करतात. आपल्या गेममध्ये ही यंत्रणा लागत नाही. तिथे प्रत्येक तुकड्याला एका साध्या मजकूर फाइलीत वजन दिलेले असते. एक तुकडा संपला की त्या वजनांनुसार पुढचा निवडला जातो, आणि युद्ध चालू आहे का, देश कोणता, धर्म कोणता अशा अटींवर ते वजन कमी-जास्त करता येते. या फाइलीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. माझ्या मते मॉडचे निम्मे यश तिच्यात आहे.

आता मराठ्यांकडे वळू. त्या काळच्या चाली आपल्याकडे नाहीत हे प्रथम मान्य करावे लागते. शाहीर अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा शब्दांनी आपल्यापर्यंत पोहोचला, पण त्याची स्वरलिपी कोणी लिहून ठेवली नाही, आणि आज ज्या ढंगात पोवाडे गातात तो तोंडी परंपरेतून आणि विसाव्या शतकातील मंचावरून आलेला आहे. वाद्ये आणि ती वाजण्याचे प्रसंग यांची माहिती मात्र भरपूर आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त वाद्यांचे सविस्तर वर्णन आहे. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त नक्कारखान्यातील दमामा, नक्कारा, दुहूल, कर्णा, सुर्णा, नफीर, शिंग, झांज अशी यादीच दिली आहे आणि बादशहाचा स्वतःचा हात नगाऱ्यावर चांगला चालतो असेही नोंदवले आहे. मराठी सत्तेने हीच व्यवस्था आपलीशी केली. रायगडावरचा नगारखाना आजही उभा आहे, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरही नगारखाना आहे, आणि नौबत बाळगण्याचा अधिकार हा सरदारकीचा मान समजला जात असे. ठरल्या वेळी झडणारी नौबत ही वेळेची आणि सत्तेची एकत्रित घोषणा होती. गेमसाठी यापेक्षा सोयीची सामग्री शोधून सापडणार नाही. राज्याची प्रतिष्ठा वाढली की चौघड्याचे वजन वाढवा. कोणालाही काही न सांगता ते कळेल.

काळाचे टप्पे मी असे पाडले असते. बहमनी आणि निजामशाहीच्या काळात, म्हणजे मराठा सत्ता स्थापन होण्याआधी, दरबारी बाजूला बीन (रुद्रवीणा) आणि पखवाज ठेवावेत व गावाच्या बाजूला टाळ, मृदंग आणि वीणा, कारण वारकरी परंपरा तोपर्यंत चांगली रुजलेली होती. गोंधळाचे संबळ आणि तुणतुणे याच थरात येतात. स्वराज्याच्या धामधुमीत नगारा, शिंग आणि कर्णा पुढे यावेत आणि तुकडे लहान, तुटक असावेत. पेशवाईच्या स्थिर वर्षांत ढोलकीवरची लावणी येऊ शकते. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा हे शाहीर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि एकोणिसाव्याच्या आरंभीचे असल्यामुळे ती गेमच्या कालमर्यादेत बसते, आणि आपली सतारही येथे संकोच न बाळगता वाजू द्यावी. १७८४ नंतर महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपीय सेनाधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या. त्या टप्प्यावर नगाऱ्याच्या मोकळ्या लयीखाली पाश्चात्त्य लष्करी ढोलाचा काटेकोर ठेका हळूहळू घुसवता आला तर इतिहासाचे एक अख्खे प्रकरण दोन मिनिटांत ऐकू येईल. नाट्यसंगीताचा मोह मात्र टाळा. ते १८८० नंतरचे आहे, आणि त्याचा नुसता सूर लागला तरी मराठी कानाला पडदा आणि ऑर्गन दिसू लागतो.

येथे एक अडचण येते आणि ती खास याच प्रकारच्या गेमची आहे. इतिहास खेळाडूच्या हातात असतो. तो १५३० मध्येच मराठा राष्ट्र स्थापन करेल किंवा १७५० पर्यंत करणारच नाही. वरचे टप्पे वर्षांना जोडले तर संगीत पटावरच्या परिस्थितीशी विसंगत होईल. म्हणून ते सैनिकी तंत्रज्ञानाच्या पातळीला आणि राष्ट्र स्थापन झाल्याच्या अटीला जोडा, आणि वर्षाची अट फक्त अगदी सुरुवातीच्या थरासाठी ठेवा. ज्या गेमची मोहीम अठराव्या शतकापुरती आहे, जसे मराठ्यांना खेळण्याजोगी सत्ता म्हणून घेणारे २००९ चे ‘एम्पायर: टोटल वॉर’, तिथे हा प्रश्न इतका तीव्र नाही, कारण तिथे १७००, म्हणजे ताराबाईंच्या कारभाराचा आरंभ, ही सुरुवात ठरलेली आहे.

ध्वनिमुद्रणाविषयी काही गोष्टी, कारण चांगल्या कल्पना बहुधा याच टप्प्यावर बिघडतात. सनईचा आवाज नेमका त्या पट्ट्यात टोचतो जिथे माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो. दारात मंगलकार्य असेल तर ते हवेच, पण कानाला हेडफोन लावून चार तास बसलेल्या माणसाला ते सोसत नाही. ती दूरच्या नगारखान्यातून येते आहे अशी ठेवा: वरच्या कंप्रता थोड्या कापा, प्रतिध्वनी वाढवा आणि मूळ स्वराची पातळी कमी करा. नगाऱ्याचे उलटे आहे. त्याची खरी ताकद खर्जात असते आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून खर्ज ऐकूच येत नाही, म्हणून टिपरीचा चामड्यावरचा पहिला आघात वेगळ्या मायक्रोफोनने घ्या, नाहीतर खेळाडूला नुसती धूसर घरघर ऐकू येईल. तयार सॅम्पलवर (आधीच मुद्रित केलेल्या सुट्या स्वरांवर) तुणतुणे किंवा पखवाज बऱ्यापैकी निभावतात. मींड असलेली वाद्ये मात्र निभावत नाहीत. बीनचा एक स्वर दुसऱ्यात ओढत जाणे कळफलकावर वाजवलेले चटकन उघडे पडते. तिथे प्रत्यक्ष वादक बोलवा आणि दोन तासांच्या बैठकीत आलाप घेऊन ठेवा, तेवढे चार तुकड्यांना पुरतात. वादकाला मेट्रोनोमवर आलाप करायला लावू नका. ‘जरा अजून इंडियन वाटू द्या’ असे म्हणणाऱ्या निर्मात्यांसाठी ती पद्धत राखून ठेवावी. आणखी एक: अँड्रियास वाल्डेटॉफ्ट यांचे या गेमचे मूळ संगीत वाद्यवृंदाचे आहे आणि आपले तुकडे त्याच्या शेजारी वाजणार आहेत. दोन्ही एकामागोमाग ऐकून आवाजाची पातळी जुळवा, नाहीतर आपला पहिलाच नगारा ऐकून खेळाडू आवाजाच्या पट्टीकडे धावेल.

स्वरसंवादाबद्दल माझे मत जरा कडक आहे. रागाच्या चालीखाली पाश्चात्त्य कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह) सरकवल्या की ती चाल कोणत्याही देशाची राहत नाही. षड्ज-पंचम धरून ठेवा आणि भर घालायची असेल तर ती तालाच्या थरांनी घाला. संबळ, झांज आणि टाळ एकावर एक चढत गेले की वाद्यवृंदाची उणीव भासत नाही. अपवाद फक्त त्या कवायती पलटणींच्या तुकड्याचा; तिथे दोन संगीतांचे न जुळणे हाच विषय आहे.

अखेर हक्कांचा विषय, कारण मॉड प्रसिद्ध करताना तो उपस्थित होणारच. पारंपरिक चाल कोणाच्या मालकीची नसते, पण तिचे ध्वनिमुद्रण असते. भारतातील कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरची साठ वर्षे टिकतो, रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि वादकाचे स्वतःचे हक्क निराळे असतात. इंटरनेटवर सापडलेला गोंधळाचा किंवा चौघड्याचा तुकडा उचलून वापरू नका. देवळात चौघडा वाजवणाऱ्यांकडून वाजवून घेणार असाल तर ते कशासाठी आहे हे आधी सांगा, मानधन ठरवा, परवानगी लेखी घ्या आणि मॉडच्या पानावर त्यांची नावे वाद्यांसह द्या. मॉड मोफत वाटणार असलात तरी यात सूट नाही.